अंतराळ सैनिकाचं चिलखत घरी करायचंय : फोम, फायबर की पुठ्ठा?

गणेशोत्सवातला सजीव देखावा असो, कॉलेजचं गॅदरिंग असो की निव्वळ हौस, विज्ञानकथेतल्या सैनिकाचं चिलखत घरी करायचं ठरलं की पहिला प्रश्न एकच पडतो : करायचं कशाचं? बहुतेक जण चित्र समोर ठेवून ठरवतात. माझं सांगणं असं, की आधी अंग कुठे वाकतं ते बघा. ते घालून माणूस खाली बसणार कसा, हात डोक्यावर नेणार कसा, ट्रॉलीवर चढणार कसा? याचं उत्तर मिळालं की माल आपोआप ठरतो आणि मालावरून रंग.

अंगावरच्या भागांसाठी माझं मत सरळ ईव्हीए फोमला. चपलांच्या तळव्यांना आणि व्यायामाच्या मॅटला वापरतात तोच हा फोम. छाती-पाठीला 10 मिलिमीटर, दंड-मांड्यांना 6 आणि वरच्या नक्षीला 2 मिलिमीटरचा घ्यावा. वजन जवळजवळ नाहीच, आणि वाकला तरी मोडत नाही. सगळी करामत पात्यात आणि हीट गनमध्ये आहे. पातं बोथट होऊ लागलं की फोम कापला जात नाही, फाटतो आणि कडा खरबरीत होते. म्हणून पातं वरचेवर बदलायचं. हीट गनची हवा फिरवत राहिलात की फोमचा कोरडा, मळकट पृष्ठभाग एकाएकी किंचित चकाकतो. तोच क्षण : छिद्रं मिटलेली असतात आणि तुकडा मऊ झालेला असतो. लगेच गुडघ्यावर किंवा डब्यावर दाबून धरा आणि गार होईपर्यंत सोडू नका. जोडायला चपलेचं रबरी सोल्यूशन. दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच कड कडेला टेकवायची. एकदा टेकली की सरकवता येत नाही, त्यामुळे खुणा आधी करून ठेवा. खिडक्या मात्र उघड्या हव्यात.

फायबरची, म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन यांच्या टणक मालाची, गोष्ट वेगळी. शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प इथल्या कुंभारांमुळे साच्याचं काम कोल्हापूरकराच्या डोळ्यांखालून रोज जातं, तेव्हा मातीचं मॉडेल, त्यावरून साचा, साच्यात रेझिन (घट्ट होणारं पातळ रसायन) आणि काचेच्या तंतूंची मॅट हा क्रम समजायला अवघड नाही. हेल्मेटला फायबरसारखा दुसरा माल नाही : टणक, गुळगुळीत, वर्षानुवर्षं टिकणारा, आणि एका साच्यातून दहा नग निघतात. पण अख्खं चिलखत त्याचं केलंत तर काखेत आणि मांडीशी कडा कापतात, आतून घामाने जीव जातो. घासताना काचेचे तंतू अंगात शिरतात, रेझिनच्या वाफा घरात ठेवायच्या नाहीत. मास्क, हातमोजे, उघडी गच्ची हे सगळं हवंच. आणि हे नीट लक्षात ठेवा : कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मगच हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य). हे दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. पहिलंच काम असेल आणि शिकवायला कोणी नसेल, तर हेल्मेटसुद्धा फोमचंच करा.

पुठ्ठा, कागद आणि खळ हे लहान मुलांच्या एका दिवसाच्या कार्यक्रमाला उत्तम. लेकरानं स्वतः कापलं, चिकटवलं तर आणखी छान. पावसात मात्र निरुपयोगी. थ्रीडी प्रिंटिंग हाताशी असेल तर बटणं, अँटेना, छातीवरची छोटी पॅनल अशा बारीक वस्तूंपुरतं वापरा. प्रिंटिंगचं नेहमीचं प्लॅस्टिक, पीएलए, साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतं, तेव्हा मे महिन्यात उन्हातल्या बंद गाडीत हे भाग ठेवू नका.

आता रंग. खर्चात आणि वेळेत हात आखडायचा नाही तो इथे. फोमवर पातळ केलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात देऊन मग रंगवायची पद्धत चालते, पण साधं फेविकॉल ओलं झालं की पुन्हा मऊ पडतं. चिलखत गणपतीत, म्हणजे ऐन पावसात घालायचं असेल, तर रबरासारखा लवचीक थर देणारा स्प्रे घ्या. त्यावर ॲक्रिलिक. ऑइलपेंट फोमवर कोपराशी, गुडघ्याशी तडकतो. फायबर वाकत नाही, त्यामुळे तिथे लांबी (पुट्टी) भरा, पॉलिश पेपर मारा, प्रायमर द्या आणि गाडीचा रंग बिनधास्त मारा. उद्यमनगरात किंवा गॅरेजच्या पेंटरकडे कॉम्प्रेसरवर मारून घेतलात तर हातातल्या स्प्रेच्या डब्यापेक्षा थर कितीतरी एकसारखा बसतो. फक्त ते काम कोरड्या दिवशी करा. पावसाळी हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी बसतं आणि रंग पांढुरका पडतो. थर्माकोलचा तुकडा कुठे वापरला असेल तर त्यावर थेट स्प्रे मारू नका, विरघळून खड्डा पडतो.

नुसता चंदेरी रंग फासला की चिलखत खेळण्यासारखं दिसतं. आधी सगळं काळं करा. त्यावर चंदेरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा केलेला ब्रश हलकेच ओढा, म्हणजे उंचवटे उजळतात आणि खाचा काळ्या राहतात. मग पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग सांध्यांत सोडून वरचा फडक्याने पुसा. जिथे हात घासेल, पट्टा घासेल, तिथेच ओरखडे काढा, सगळीकडे नको. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांच्या या गावाला हे नव्यानं सांगायला नको : बाबूराव पेंटर पडदे रंगवता रंगवताच सिनेमाकडे वळले. सपाट कापडावर खोली दाखवणारी तीच छायाप्रकाशाची विद्या इथे लागते.

तर मोठ्या माणसाला पहिल्यांदा करायचं असेल तर अंग फोमचं; हेल्मेट दरवर्षी लागणार असेल आणि शिकवायला कोणी असेल तरच फायबरचं. खांद्याचे पट्टे वेलक्रोवर सोडू नका, घामाने आणि ओढीने ते सुटतात. सुभाषनगरात चप्पल करणाऱ्या कारागिराकडून चामडी पट्टे आणि बक्कल शिवून घ्या, आणि रंगवायला घेण्याआधी एकदा सगळं अंगावर बांधून जिना चढून बघा.