साइटमॅप टाकू का फीड?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेलवाले परवा म्हणाले, ‘‘साइट करून तीन महिने झाले, निम्मी डिझाइनं गूगलवर दिसंनात की ओ. साइटमॅप टाकू का फीड?’’

दोन्ही म्हणजे साइटवरच्या पानांचे पत्ते गूगलसारख्यांना कळवणाऱ्या फाइली. साइटमॅप म्हणजे गोदामाचं स्टॉक रजिस्टर. जुनं-नवं प्रत्येक पान त्यात. एका फाइलीत 50,000 पत्ते मावतात, म्हणजे चादरी-टॉवेलच्या दुकानाला जन्मात कमी पडणार नाही. फीड म्हणजे आज आलेल्या मालाची दारावरची पाटी. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या फीडमध्ये मुळात शेवटच्या 10 नोंदीच असतात. अकरावी आली की सगळ्यात जुनी गळते.

त्यामुळे ज्यांचा माल वर्षभर तोच, त्यांनी साइटमॅपच धरावा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत तासातासाला बातमी टाकणाऱ्या पोर्टलला मात्र फीड हवीच. फाइल छोटी असल्याने बॉट, म्हणजे पानं गोळा करत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम, ती वरचेवर उचलतो, आणि वेबसब ही निरोप धाडायची सोय जोडली तर नवी बातमी लागल्याचा निरोप लगेच जातो. दोन्ही ठेवा, असा गूगलचाही सल्ला 2014 पासून आहे. वर्डप्रेस 5.5 पासून, म्हणजे 2020 पासून, साइटमॅपही आपोआप तयार होतो. मग खर्चाचा प्रश्नच नाही. लक्ष कशावर ठेवायचं एवढंच ठरवायचं.

लक्ष ठेवावं ते ‘लास्टमॉड’वर, पान शेवटचं कधी बदललं त्या तारखेवर. मी एकदा अशी सेटिंग करून बसलो होतो की रोज रात्री सगळ्या पानांवर आजची तारीख पडायची. वाटलं, साइट ताजी दिसेल. पण तारीख खऱ्या बदलाशी जुळत राहिली तरच गूगल ती मानतं. ‘प्रायॉरिटी’ (पान किती महत्त्वाचं) आणि ‘चेंजफ्रीक’ (ते किती वेळा बदलतं) तर ते बघतही नाही, तरी लोक प्रत्येक पानाला सगळ्यात वरची 1.0 प्रायॉरिटी देऊन खूश असतात. एक पत्ता उघडून साइटमॅप कळवायची जुनी ‘पिंग’ची सोयही 2023 मध्ये गूगलने मोडीत काढली. आता साइटमॅपचा पत्ता गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांच्या पानावर भरा, बॉटसाठी सूचना असलेल्या रोबोट्स फाइलीत त्याची एक ओळ टाका. बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनला बदल कळवायला इंडेक्सनाऊ आहे, गूगल ते वापरत नाही.

दोन्हींचं काम बॉटला पत्ता सांगायचं. आल्यावर पान घ्यायचं की नाही, हे तो ठरवतो. टॉवेलवाल्यांची न दिसणारी पानं उघडून बघितली: ‘30 बाय 60, शंभर टक्के कॉटन’. रंगाचं नाव सोडलं तर सगळीकडे मजकूर तोच. साइटमॅप बिनचूक होता. आता रोज संध्याकाळी मुलाला बसवून एकेका डिझाइनचं वर्णन लिहून घेतायत.