काल्पनिक जगाचं पंचांग करणारं ॲप, आठ महिन्यांनंतर: अधिक महिना काय जमेना

कादंबरीसाठी हे ॲप घेतलं, वर्षाचे १४९९ भरले, आठ महिने झाले रोज वापरायलोय. महिने, वार, चंद्र सगळं आपल्या मनासारखं करता येतं हे तुम्हाला माहीत असणारच, मला बोलायचंय ते अधिक महिन्याबद्दल.

माझ्या जगात चंद्राचा महिना २७ दिवसांचा, असे १३ महिने म्हणजे ३५१ दिवस, आणि ऋतूंचं वर्ष ३६० चं. दरसाल ९ दिवसांचा फरक, तीन वर्षांत २७, म्हणजे बरोब्बर एक अधिक महिना. आपल्याकडं ३५४ आणि ३६५ चा मेळ घालायला साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो तसाच. आता २०२३ ला अधिक श्रावण आला म्हणून भाद्रपदाचा काय आश्विन झाला नाही, गणपती भाद्रपदातच बसले. ॲपला एवढंच कळत नाही. सहाव्यानंतर अधिक घातला की तोच सातवा होतो आणि जुन्या सातव्यातल्या नोंदी आकड्याला चिकटून अधिकात जातात. माझ्या ४१ नोंदी अशा सरकल्या, त्यात दोन लग्नं होती. अधिकात लग्न कोण लावतं हो? तीनदा मेल केला, तिन्ही वेळा उत्तर एकच, महिन्याला वेगळं नाव द्या. नाव दिलंयच की, नंबर काढा म्हणतोय मी! पैसे परत मागितले तर तेही नाही.

तेव्हा एकच स्टार देणार होतो. पण मधे पावसात दोन दिवस करंट नव्हता, आज्जीला छापलेली पानं वाचून दाखवत बसलो, तर १४/७/३१२ ऐकून ती म्हणाली, "अशी तारीख गावात कोण सांगतंय रे? तुझा बाबा झाला तो आम्ही सौंदत्तीच्या यल्लम्माहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी." लगेच वहीत बदललं. माझ्या कादंबरीतला नावाडी आता "पूर ओसरल्यावर तिसऱ्या बाजाराला" म्हणतो, आणि सालाचा आकडा फक्त दरबारच्या कागदावर, कारण शक चालू करणं हे राजाचं काम, शिवाजी महाराजांनी १६७४ ला राज्याभिषेक शक सुरू केला तसं.

आणि इथंच ॲप कामाला आलं, खरं सांगतो. नदीच्या दोन्ही काठांना दोन राज्यं, दोघांचा शक वेगळा, आणि ॲपमधे दोन कॅलेंडरं जोडली की एकाच दिवसाच्या दोन्ही तारखा शेजारी शेजारी दिसतात. आमच्या खानापूरच्या गल्लीत एका दारात पाडव्याची गुढी आणि समोरच्या दारात युगादीचं बेवू-बेल्ला, म्हणजे कडुनिंब-गूळ, असतंय, दिवस तोच, तसं मला कथेत पाहिजे होतं. हे हातानं करायला महिना गेला असता. म्हणून तीन स्टार केलेत.

चौथा स्टार अधिक महिन्यासाठी राखून ठेवलाय. बिननंबरचा महिना ठेवायची सोय वर्ष संपायच्या आत दिली तर परत १४९९ भरीन, नाहीतर दोनशे पानी वही चाळीस रुपयाला मिळते आणि तिला करंट लागत नाही.