सधन ज्येष्ठांना सरकारी पेन्शन: सरसकट द्यावी, अट घालावी, की देऊन परत घ्यावी?

स्वतःचं मोठं घर आहे, व्याज येतं, शेअर्स आहेत. अशा माणसाला करदात्यांच्या पैशातून पेन्शन कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मत पक्कं करण्याआधी तीन देशांच्या पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघा. (पगारातून हप्ते कापून मिळणारी पेन्शन वेगळी, तिच्यावर हक्कच असतो.)

न्यूझीलंडमध्ये 65 वर्षं आणि वास्तव्याची अट पूर्ण झाली की पेन्शन सुरू. मिळकत कुणी विचारत नाही. रक्कम करपात्र असल्यानं सधनाच्या हाती कमी उरते, एवढंच. 1985 मध्ये सधन पेन्शनरांवर अधिभार लावला होता, तो 1998 मध्ये काढून टाकला.

ऑस्ट्रेलियात 67 व्या वर्षी उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही तपासतात. हेच सर्वांत न्याय्य, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण राहतं घर मालमत्तेत धरत नाहीत. दोन बहिणींची पुंजी सारखीच आणि भरपूर आहे असं समजा. एकीनं ती घरात घातली, दुसरी भाड्यानं राहून बँकेत ठेवते. पहिलीला पेन्शन मिळेल, दुसरीच्या पेन्शनला कात्री लागेल. शिवाय एकट्या पेन्शनरचं उत्पन्न मर्यादेपुढे गेलं की दर जादा डॉलरमागे पेन्शन 50 सेंटनं घटते. काटकसर करून साठवणाऱ्यालाच हे जास्त झोंबतं.

अट घातली की अर्ज आला, आणि गरिबाची खरी अडचण तिथेच होते. ब्रिटननं 2024 मध्ये हिवाळ्यातला इंधनभत्ता मुख्यतः गरीब पेन्शनरांचा आधारभत्ता घेणाऱ्यांपुरता ठेवला. पण पात्र असूनही त्या आधारभत्त्यासाठी कधी अर्जच न केलेले लाखो वृद्ध होते. नजर अधू झालेली, एकटी राहणारी बाई पानंच्या पानं कशी भरणार? अनेकांना तर मागायचीच लाज वाटते. वर्षभरात सरकारला माघार घ्यावी लागली. आता वार्षिक 35,000 पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांकडे भत्ता राहतो.

कॅनडा 65 व्या वर्षी पेन्शन देतो आणि ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या भागावर 15 टक्के दरानं, पेन्शनच्या रकमेपर्यंत, करातून वसूल करतो. घर, ठेवी मोजत नाहीत. त्यामुळे मालमत्ता अफाट पण उत्पन्न कमी दाखवणारा सुटतो. जमीन विकून एकदाच मोठा नफा झालेला मात्र सापडतो.

तरीही मी कॅनडाच्या बाजूनं आहे. चाळणी लावायचीच तर ती श्रीमंताच्या करपत्रकाला लावा, गरिबाच्या अर्जाला नको. फक्त ती मर्यादा तिथल्यासारखी महागाईबरोबर वर सरकली पाहिजे. नाहीतर आज श्रीमंतांसाठी आखलेली रेषा वीस वर्षांत निवृत्त शिक्षकापर्यंत खाली येईल.