अलंकार शिकवणारं अ‍ॅप: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव (‘जणू’ने डोकं फिरवलंय)

रिन्यूअलचा मेल आला म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर राहूनच गेलं असतं. अ‍ॅपमध्ये काय काय आहे ते तुम्हाला माहितीच असेल, फ्लॅशकार्ड, क्विझ, रोजचा स्ट्रीक (सलग किती दिवस जमलं त्याची मोजणी) वगैरे. त्यात नवीन काही नाही.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. या क्विझला अलंकार ओळखता येत नाही, फक्त शब्द ओळखता येतात. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’, ‘वाटे’, ‘भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा (एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना), संपलं. परवा प्रश्न आला, ‘मला वाटतं उद्या सुट्टी असेल.’ उत्तर म्हणे उत्प्रेक्षा! अरे यात उपमेय (ज्याची तुलना करतोय ते) कुठंय, उपमान (ज्याच्याशी करतोय ते) कुठंय, सुट्टी कशासारखी दिसतेय? साधा अंदाज आहे तो. इंग्रजी विभागात पण हाच आजार, ‘अ‍ॅज’ दिसला की सिमिली (म्हणजे उपमा), मग वाक्य ‘शी वर्क्स अ‍ॅज अ टीचर’ असलं तरी चालतं. आणि याच्यामुळे माझा स्ट्रीक तुटला.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, अ‍ॅप अनइन्स्टॉल करून परत टाका. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. खरंच कौतुक आहे या लोकांचं, तक्रार कुठलीही असो सगळ्यांना एकच उत्तर, कुणावर अन्याय म्हणून नाही. (याला व्याजस्तुती म्हणतात, वरून स्तुती आतून निंदा. हा धडा मात्र त्यांनी छान केलाय.)

तर एक स्टार देऊन मोकळा होणार होतो, पण मधे एका अपडेटमध्ये ‘रूपांतर’ नावाचा सराव आला आणि मत बदलावं लागलं. यात ओळखायचं काही नाही, एकच कल्पना घेऊन आपणच वाक्यं लिहायची. मी घेतलं जीभ आणि सुरी. ‘त्याची जीभ सुरीसारखी धारदार आहे’ ही उपमा, यात जीभ उपमेय, सुरी उपमान, धारदार हा साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण) आणि सारखी हा साम्यवाचक शब्द, चारही हजर म्हणून पूर्णोपमा. धारदार काढून टाका, चारातलं एक गळालं म्हणून लुप्तोपमा झाली. ‘त्याची जीभ म्हणजे जणू सुरीच’ उत्प्रेक्षा. ‘त्याने जिभेची सुरी चालवली’ रूपक, इथे जीभ आणि सुरी एकच मानलीत. ‘ही जीभ नव्हे, सुरी आहे’ अपन्हुती, कारण इथे उपमेयच नाकारलंय. ‘सुरीनेही लाजावं अशी जीभ’ व्यतिरेक, उपमेय उपमानाच्या वरचढ. नुसती व्याख्या घोकून हे इतकं साफ कधी कळलं नव्हतं, जीभ नि सुरी तीच आहेत, फक्त त्यांच्यातलं अंतर कमी कमी होत जातं आणि शेवटी जीभ पुढे निघून जाते.

ससंदेह आणि भ्रांतिमानचा घोळ पण इथेच सुटला. दोरी की साप हे ठरतच नसेल तर ससंदेह, दोरीला साप समजून उडीच मारली तर भ्रांतिमान.

अनुप्रास, यमक ठीकठाक. श्लेषाचे (एकाच शब्दाचे दोन अर्थ) प्रश्न फारच कमी आहेत. ऑडिओ ऐकूच नका.

आता पैशाचं. रूपांतरसाठी वर्षाचा प्लॅन घ्यावा का? माझ्या मते नाही. कल्पना कळली की वही-पेन पुरतं, वाक्यं आपल्यालाच लिहायची असतात आणि अ‍ॅप तपासताना परत शब्दच शोधतं, माझ्या अपन्हुतीला त्याने ‘अलंकार आढळला नाही’ असं सांगितलं होतं. फुकट व्हर्जनमध्ये मूळ व्याख्या सगळ्या आहेत, तेवढ्या बास.

तीन स्टार देतोय, तेही रूपांतरमुळे. ऑटो-रिन्यू बंद केलंय, आणि ते बटण सेटिंगमध्ये शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, शोधून ठेवा. प्लॅन संपला की आपली जुनी उत्तरं दिसायची बंद होतात असं नियमात लिहिलंय, त्यामुळे सध्या सगळी वाक्यं वहीत उतरवून काढतोय.