सॅकच्या पट्ट्यावरचा कॅमेरा: जीआर ३, आरएक्स १०० मार्क ७ की टीजी-७?

सॅकमधून एकेक ग्रॅम कमी करायची सवय लागली की माणूस कॅमेरा घेतानाही आधी वजन बघतो. मीही तेच केलं होतं. बॅटरी आणि कार्डासकट रिको जीआर ३ भरतो २५७ ग्रॅम, सोनी आरएक्स १०० मार्क ७ भरतो ३०२ ग्रॅम आणि ओएम सिस्टिमचा टीजी-७ भरतो २४९ ग्रॅम. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांच्यात फरक ५३ ग्रॅमचा. बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायलात की तेवढं ओझं उतरतं. म्हणून या तिघांत वजनावरून निवड करू नका. तुमचे आवडते फोटो कमी उजेडातले असतात, लांबचे असतात, की पावसापाण्यातले, यावर निवड ठरते.

कमी उजेडाचं गणित सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आकारात आहे. टीजी-७ चा सेन्सर साधारण २८ चौरस मिलिमीटर, सोनीचा एक इंची म्हणजे ११६, आणि जीआरचा एपीएस-सी आकाराचा, सुमारे ३६७. पण लेन्सही बघायला हवी: तिचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडतं ते एफच्या आकड्यात सांगतात, आणि आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. टीजी-७ ची लेन्स वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ/२ पर्यंत उघडते, सोनीची एफ/२.८ पर्यंत. त्यामुळे सेन्सर चौपट लहान असूनही वाइडला टीजी-७ सोनीच्या जवळपास निम्मा प्रकाश गोळा करतो. झूम केलं की मात्र हा फायदा उरत नाही, कारण शेवटच्या टोकाला त्याचं अ‍ॅपर्चर एफ/४.९ वर येतं. जीआरची लेन्सही एफ/२.८ चीच, पण सेन्सर तिप्पट मोठा, म्हणून चांदण्या रात्री तंबूबाहेरचा फोटो काढायचा तर बाकीचे दोघे त्याच्या आसपासही येत नाहीत.

२०१९ साली आलेला जीआर ३ मला मनापासून आवडतो. एका हातात मावतो, चालू करून क्षणात फोटो घेता येतो, आणि अंतर आधीच ठरवून ठेवलं तर फोकसची वाट बघावी लागत नाही. दमलेल्या माणसाला याचं मोल कळतं: चढणीवर थांबायचं, बटण दाबायचं, पुढे निघायचं. पण त्याला झूम नाही. २८ मिमीची एकच नजर (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), हवं तर ३५ किंवा ५० मिमीचं क्रॉप, म्हणजे फोटोचा मधला भाग कापून घेणं. डोंगर, वाट, मुक्काम यांना हे पुरतं. माणसांचे फोटो जास्त काढत असाल तर ४० मिमीचा जीआर ३एक्स बघा. डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, स्क्रीन वळत नाही. शिवाय धूळ आणि पाणी अडवणारं सीलिंग नाही. आत-बाहेर होणाऱ्या लेन्सच्या फटीतून धूळ एकदा सेन्सरवर बसली की ती घरी साफ करता येत नाही, कारण लेन्स निघतच नाही. कोरड्या, धुळीच्या वाटांवर तो झिपच्या पिशवीत ठेवायची शिस्त हवीच.

सोनीचंही सीलिंग नाही, हीच काळजी तिथेही. त्याबदल्यात मिळतं ते २४ ते २०० मिमीचं झूम, वर उचलला जाणारा व्ह्यूफाइंडर आणि अतिशय चपळ फोकस. भर उन्हात स्क्रीनवर काहीच दिसत नाही, तेव्हा व्ह्यूफाइंडर लाख मोलाचा वाटतो. २०० मिमीमध्ये लहान पक्षी धरायची आशा मात्र ठेवू नका. समोरच्या धारेवरून ओळीने चाललेली माणसं किंवा दूरच्या कड्यावर पडलेलं ऊन, ही त्याची कामं. माझ्या अनुभवात असे क्षण दिवसात दोन-तीनदा येतात, आणि तेव्हा जीआरवाल्याला नुसतं बघत राहावं लागतं.

टीजी-७ ची गोष्ट वेगळी. १५ मीटर पाण्याखाली चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी टिकावा अशी बांधणी आहे आणि उणे १० अंशांपर्यंत काम करतो. लेन्सपासून अवघ्या एक सेंटिमीटरवर फोकस होत असल्याने शेवाळ, किडे, पानावरचा थेंब यांचे फोटो तर मोठ्या कॅमेऱ्यांनाही हेवा वाटावा असे येतात. ओढा ओलांडताना तो छातीवरच राहू द्या. फक्त झाकणाच्या रबरावर वाळूचा कण राहिला नाही ना, हे पाण्यात जाण्याआधी बघा. उजेड मावळला की मात्र फोटोत दाणे दिसू लागतात, आणि तेव्हा चांगला फोन त्याच्या पुढे जातो. खरं तर दिवसाउजेडी वाइड फोटोच काढत असाल, तर फोन पुरेसा आहे, पैसे वाचवा.

बॅटरीत जीआर सगळ्यात मागे: एका चार्जवर साधारण २०० फोटो. सोनी २६०, टीजी-७ सुमारे ३३०. आठवड्याच्या भटकंतीला जीआरसोबत दोन जादा बॅटऱ्या लागतीलच, म्हणजे त्याचा हलकेपणा कागदावरच राहतो.

मला एकच घ्यायचा असेल तर मी जीआर घेईन, कारण माझे आवडते फोटो पहाटेचे आणि मुक्कामाचे असतात. पहिल्यांदाच घेणाऱ्याला आणि आपल्याला काय आवडतं हे अजून ठरायचं असेल त्याला सोनी सुचवेन. पावसात, नदीकाठाने किंवा बर्फात हिंडणाऱ्याने टीजी-७ सोडून दुसरीकडे बघू नये.

कुठलाही घ्या, तो सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर छोट्या पाउचमध्ये अडकवा. वरच्या कप्प्यात गेलेला कॅमेरा मुक्कामापर्यंत बाहेर येत नाही. आणि थंडीत रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ घेऊन झोपा.