राउटरचा बॅकअप: टार फाइल की स्वतःची शेल स्क्रिप्ट?

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, म्हणजे फर्मवेअरच्या जागी बसवता येणारी मुक्त प्रणाली) वापरणाऱ्यांत बॅकअपचा हा विषय दर वळवाच्या पावसात वर येतो. वीज कडाडते, कुणाचा ॲडॉप्टर जातो, कुणाचा वॅन (इंटरनेटची केबल लागणारा) पोर्ट मरतो, आणि नवा राउटर हातात घेऊन माणूस विचारतो की जुन्या सेटिंग्ज यात कशा आणायच्या. बॅकअपच नसेल तर बोलणं खुंटलं. पण बॅकअपची पद्धत अजून ठरवायची असेल, तर समोर दोन रस्ते आहेत. एक, सिसअपग्रेड या तिथल्याच कमांडने काढलेली टार-जीझेड फाइल, म्हणजे सगळ्या सेटिंग्जचं आवळलेलं गाठोडं. दुसरा, यूसीआयच्या (ओपनडब्ल्यूआरटीत सेटिंग्ज वाचण्या-बदलण्याच्या साधनाच्या) कमांडी ओळीने लिहून ठेवलेली आपली स्वतःची शेल स्क्रिप्ट. मी दोन्ही वापरतो. विसंबतो कुणावर, ते पुढे कळेलच.

कंपनीच्या मूळ फर्मवेअरवर असाल तर निवडीचा प्रश्नच फारसा येत नाही. तिथे मिळते ती बहुतेकदा एक बंद बिन फाइल. ती उघडून वाचता येत नाही आणि दुसऱ्या मॉडेलवर चढत नाही. डीडी-डब्ल्यूआरटी या दुसऱ्या पर्यायी फर्मवेअरमध्ये एनव्हीरॅमचा (सेटिंग्ज साठवणाऱ्या मेमरीचा) बॅकअप मिळतो, पण त्याच्याच पानावर ताकीद आहे की तेच मॉडेल आणि तेच फर्मवेअर असेल तरच परत टाका. ताकीद योग्य आहे. तिचं कारण पुढे ओपनडब्ल्यूआरटीतही आडवं येतं.

टारची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. लूसीत, म्हणजे ब्राउझरमधून उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पानांत, बॅकअपच्या पानावर एक बटण दाबलं की फाइल हातात. टर्मिनलवर राहणाऱ्यांसाठी सिसअपग्रेडला -बी लावायचं, परत टाकताना -आर. फाइलच्या नावाच्या जागी नुसतं वजा चिन्ह दिलं तर सगळं फाइलीऐवजी स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे थेट टर्मिनलकडे येतं. म्हणजे घरातल्या रास्पबेरी पायने (छोट्या संगणकाने) रात्री एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडण्याच्या सोयीने) आत शिरून ते ओढून घ्यायचं आणि तारखेच्या नावाने ठेवायचं, एवढं क्रॉनच्या (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीच्या) एका ओळीत बसतं. राउटरवर काही साठवायला नको, राउटरकडे कुणाची किल्लीही द्यायला नको. आत असतं ते जवळपास सगळं साधं मजकुराचं: इटीसी-कॉन्फिगमधल्या फाइली, रूटचा पासवर्ड, ड्रॉपबेअरच्या (राउटरवरच्या एसएसएच सर्व्हरच्या) किल्ल्या, क्रॉनटॅब. नक्की काय काय जाणार आहे ते -एल लावून आधी पाहता येतं.

काय जात नाही तेही माहीत हवं. नंतर बसवलेली पॅकेजेस टारमध्ये येत नाहीत. -के लावलं तर फक्त त्यांची यादी येते. रूटच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेल्या तुमच्या छोट्या स्क्रिप्टाही येत नाहीत, त्यासाठी सिसअपग्रेड.कॉन्फमध्ये त्यांचं नाव घालावं लागतं. पण या दोन्ही गोष्टी एकदा समजल्या की त्रास देत नाहीत, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

मला जे खटकलं ते वेगळंच आहे. टार फाइल तुम्ही ठरवलेलं आणि राउटरने स्वतःबद्दल लिहून ठेवलेलं यात फरक करत नाही. दोन्ही एकाच गाठोड्यात.

माझा जुना राउटर आर्चर सी-७, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी १९.०७. त्याच्या नेटवर्क फाइलीत लॅनच्या खाली 'टाइप ब्रिज' आणि 'आयएफनेम ईथ०.१' अशा ओळी होत्या (पहिली पोर्ट एकत्र बांधणाऱ्या ब्रिजची, दुसरी त्यात बसणाऱ्या पोर्टच्या नावाची). हे काही मी लिहिलं नव्हतं. पहिल्यांदा चालू होताना फर्मवेअरने बोर्ड ओळखून ते लिहिलं. मी फक्त त्याखालचा आयपी बदलला होता, कारण फायबरवाल्याचा ओएनटी (फायबरची जोडणी घेणारी डबी) सुद्धा १९२.१६८.१.१ वरच बसलेला. नवा राउटर एमटी-७६२१ चिपचा. त्या चिपचे राउटर सप्टेंबर २०२१ मधल्या २१.०२ पासून डीएसएवर (स्विचचे पोर्ट हाताळण्याच्या नव्या पद्धतीवर) आले. तिथे पोर्टांची नावं लॅन१, लॅन२, लॅन३ आणि वॅन अशी सुटी असतात, ब्रिजचा वेगळा डिव्हाइस विभाग असतो आणि 'आयएफनेम'च्या जागी 'डिव्हाइस' आलेलं असतं.

आता जुना टार या नव्यावर टाका. बूट होतो, दिवे लागतात. ब्रिजमध्ये ईथ०.१ जाऊन बसतो, जो इथे प्रोसेसर आणि स्विच यांच्यामधला आतला दुवा आहे. बाहेरचे लॅन पोर्ट ब्रिजमध्ये नाहीतच. केबल लावली तर आयपी मिळत नाही. बरं, वायफायने तरी आत जाऊ म्हणाल, तर वायरलेस फाइलीत प्रत्येक रेडिओखाली 'पाथ' नावाची ओळ असते: रेडिओची चिप बोर्डावर कुठल्या बसवर आहे त्याचा पत्ता. हा पत्ता जुन्या बोर्डाचा. नव्या बोर्डावर त्या पत्त्यावर कुणी राहत नाही, म्हणून रेडिओ उठत नाही. फर्मवेअरला नवे रेडिओ दिसतात, ते त्यांची नोंद रेडिओ२, रेडिओ३ अशी खाली जोडतं आणि नेहमीप्रमाणे बंद ठेवतं. रूटचा पासवर्ड आणि एसएसएचच्या किल्ल्या मात्र बिनचूक परत आलेल्या असतात. फक्त त्या वापरायला आत जायला दार नाही.

मग रीसेटचं बटण दाबून फेलसेफमध्ये (बचावाच्या बूटमध्ये) जायचं, माउंट-रूट, फर्स्टबूट (सगळ्या सेटिंग्ज पुसणारी कमांड), आणि परत शून्यावर. हे सगळं घरात इंटरनेट बंद असताना, फोनच्या डेटावर विकी वाचत, मागून "अजून किती वेळ?" ऐकत.

रास्त बोलायचं तर ओपनडब्ल्यूआरटीने हे लपवलेलं नाही. एकाच राउटरवर स्विचच्या जुन्या पद्धतीतून डीएसएत जाताना सिसअपग्रेड स्वतःच अडतं आणि कॉन्फिग पुसूनच पुढे जा म्हणतं. पण -आरने टार परत टाकताना तसं कुणी अडवत नाही. फाइल उलगडली जाते आणि बस्स. टार उघडून नेटवर्क आणि वायरलेस या दोन फाइली वगळून बाकीच्या टाकता येतात, बरेच जण तसंच करतात. मीही केलं. पण पीपीपीओईचं (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करण्याचं) नाव-पासवर्ड, वायफायची नावं, पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क हे सगळं त्याच दोन फाइलींत असतं. मग टाकलं काय आणि वाचवलं काय?

स्क्रिप्टची गंमत इथे आहे. ती फक्त माझ्या इच्छेबद्दल बोलते. 'यूसीआय सेट नेटवर्क.वॅन.प्रोटो=पीपीपीओई', पुढच्या ओळीत युजरनेम, पुढच्या ओळीत पासवर्ड. वॅनचं डिव्हाइस कुठलं, यावर ती चकार शब्द काढत नाही. ते नव्या फर्मवेअरने त्या बोर्डासाठी लिहिलेलं जसंच्या तसं राहतं. लॅनचं तेच: फक्त आयपीची ओळ. जिथे डिव्हाइसचं नाव लागतंच, तिथे ते हाताने न लिहिता 'यूसीआय गेट नेटवर्क.वॅन.डिव्हाइस'ने विचारून घ्यायचं. मला ते मॅकसाठी (नेटवर्क उपकरणाच्या ओळख-पत्त्यासाठी) लागलं. आमच्या भागातला आधीचा केबलवाला कनेक्शन मॅकला बांधून ठेवायचा आणि रविवारी फोन उचलायचा नाही. जुन्या राउटरचा मॅक स्क्रिप्टमध्ये होता म्हणून त्याला फोन करायची वेळच आली नाही.

वायफायसाठी थोडं डोकं चालवावं लागतं. सी-७ वर रेडिओ० म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. नव्या राउटरवर रेडिओ० म्हणजे २.४. क्रमांकावर भरवसा ठेवला तर चॅनेल ३६ भलत्याच रेडिओला लागतो आणि तो रेडिओ गप्प बसतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये सगळ्या रेडिओंवरून एक लूप फिरवायचा, प्रत्येकाचा 'बँड' वाचायचा आणि २जी असेल तर हे, ५जी असेल तर ते. १९.०७ मध्ये बँडऐवजी 'एचडब्ल्यूमोड' होतं, तेव्हा फारच जुन्या आवृत्तीवर परतायचं असेल तर ही एक जागा बदलावी लागेल.

आता स्क्रिप्टचे तोटे, आणि ते कमी नाहीत.

पहिला, ती लिहावी लागते. लूसीत चार टिचक्यांत होणारी गोष्ट यूसीआयच्या भाषेत कशी म्हणायची हे शोधण्यात संध्याकाळ जाते. यावर तोडगा असा की लूसीत बदल करायचा, सेव्ह करायचा, पण अप्लाय करण्याआधी वर कोपऱ्यात न लागू झालेल्या बदलांवर टिचकी मारायची. तिथे यूसीआयच्या ओळी तयार दिसतात. उचलायच्या आणि स्क्रिप्टमध्ये टाकायच्या.

दुसरा तोटा लबाड आहे. स्क्रिप्ट दोनदा चालवली तर 'यूसीआय ॲड' आणि 'ॲड-लिस्ट' दोनदा भर घालतात. प्रिंटरची राखीव आयपी दोनदा, फायरवॉलचा नियम दोनदा. म्हणून मी बिननावाचे विभाग वापरणं सोडलं. 'यूसीआय सेट डीएचसीपी.प्रिंटर=होस्ट' असं नाव देऊनच विभाग बनवायचा, मग कितीदाही चालवा, प्रिंटर एकच राहतो. याद्यांच्या बाबतीत आधी शांतपणे डिलीट आणि मग भर. याने फाइल वाचायलाही सोपी होते: कुठला मॅक टीव्हीचा आणि कुठला कॅमेऱ्याचा हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

तिसरा: लूसीतून बदल लावला आणि संपर्क तुटला तर दीड मिनिटात तो आपोआप मागे घेतला जातो. शेलवर ही माया नाही. कमिट केलं की केलं. दूरच्या राउटरवर, म्हणजे आईवडिलांच्या घरी वगैरे, स्क्रिप्ट चालवण्याआधी मी इटीसी-कॉन्फिगची एक प्रत टेंपमध्ये ठेवतो आणि पाठीमागे एक ओळ सोडतो: तीन मिनिटं थांब, जुनी प्रत परत टाक, रीबूट कर. सगळं ठीक दिसलं की ती ओळ मारून टाकायची. नाही दिसलं तर राउटर स्वतःच जागेवर येतो. साताऱ्याची एसटी पकडायला लागत नाही.

चौथा, आणि यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. आज घाईत लूसीतून एक पोर्ट उघडला, स्क्रिप्टमध्ये टाकायचं राहून गेलं, की दोन्ही वेगळ्या वाटेला लागले. टारच्या बाबतीत हे होत नाही, तो रात्री गपचूप सगळं उचलतो. म्हणूनच स्क्रिप्ट हाती असूनही मी टारचा क्रॉन बंद केलेला नाही.

गुपितांचं दोन्हीकडे सारखंच. टारमध्ये वायफायचा पासवर्ड, पीपीपीओईचा पासवर्ड आणि वायरगार्ड या व्हीपीएनची खाजगी किल्ली उघडी पडलेली असते, तेव्हा ती फाइल ईमेलने स्वतःलाच पाठवून ठेवण्याची सवय सोडलेली बरी. स्क्रिप्टमध्ये निदान सोय आहे: गुपितं एका वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवायची, मुख्य स्क्रिप्ट ती वाचून घेते, आणि मुख्य स्क्रिप्ट गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात) बिनधास्त जाऊ शकते. पासवर्डात डॉलरचं चिन्ह असेल तर एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेल त्याचा चुराडा करतो.

एक जोड फायदा सांगून टाकतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टरच्या पानावर हवी ती पॅकेजेस घालून इमेज बनवून मिळते, आणि तिथेच पहिल्या बूटला चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी एक चौकट असते. तीच स्क्रिप्ट तिथे चिकटवली की ती यूसीआय-डिफॉल्ट्समध्ये जाते, एकदा चालते, शून्य परत केलं तर स्वतःला पुसून टाकते. पॅकेजेसचा प्रश्नही तिथेच मिटतो. मात्र ती इमेज दुसऱ्याच्या सर्व्हरवर बनते, तेव्हा पासवर्डांची फाइल त्यात घालू नका. ती नंतर एससीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवणाऱ्या कमांडने) न्या. नव्या लॅपटॉपवरून नेताना एससीपी नुसताच नाकारत असेल तर मोठा ओ लावून पाहा. ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी मुळात एसएफटीपी या दुसऱ्या पद्धतीने बोलतं आणि ड्रॉपबेअरबरोबर एसएफटीपीचा सर्व्हर आपसूक येत नाही.

तुमच्याकडे एकच राउटर असेल, तो बदलायचा विचार नसेल आणि बॅकअप फक्त 'काहीतरी बिघडवलं तर परत यायला' हवा असेल, तर मी तुम्हाला स्क्रिप्ट लिहायला लावणार नाही. टार पुरतो, आणि त्या कामात तो स्क्रिप्टपेक्षा जलदही आहे. एकाच मॉडेलचे दोन नग घेऊन एक कपाटात ठेवणारेही आहेत. त्यांनाही टारच बरा. पण राउटर मरतो तेव्हा तेच मॉडेल बाजारात मिळेलच असं नाही, आणि दोन-तीन घरांचे राउटर एकाच माणसाच्या गळ्यात असतील तर ते सगळे एकसारखे कधीच नसतात. माझं पारडं तिथे झुकलं.

कुठे झुकायचं हे तुम्हालाही मोजून पाहता येईल. पुढच्या वेळी राउटर फर्स्टबूटने कोरा कराल तेव्हा काहीही बदलण्याआधी 'यूसीआय शो'चं आउटपुट एका फाइलीत घ्या आणि राउटरबाहेर ठेवा. टेंपमध्ये ठेवलं तर रीबूटला उडेल. सगळं मनासारखं लावून झालं की पुन्हा घ्या आणि दोन्हींचा डिफ काढा. जेवढं वेगळं दिसेल तेवढीच तुमची स्क्रिप्ट. त्यात नुसती वायफायची नावं आणि पासवर्ड निघाले तर टारवर राहा, उरलेलं हाताने भरायला चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरेल. राखीव आयपींची रांग, पाहुण्यांचं नेटवर्क, त्याचे फायरवॉल झोन, वायरगार्डचे पिअर असं पानभर निघालं, तर प्रत्येक ओळीआधी 'यूसीआय सेट' लावायला त्याच संध्याकाळी बसा.