चिकलठाणा की बिदर? वायुसेनेची विमानं बघायची तर

पोरगं नववीत, डोक्यात एनडीए, म्हणजे सैन्याधिकारी घडवणारी खडकवासल्याची प्रबोधिनी. संभाजीनगरच्या एसपीआयची, म्हणजे एनडीएची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थेची परीक्षा द्यायच्या आधी त्याला वायुसेनेचं विमान एकदा जवळून बघायचंय. मराठवाड्यात लढाऊ विमानांचा तळ नाही, त्यामुळे खरे पर्याय दोनच: संभाजीनगरचं चिकलठाणा, नाहीतर सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं बिदर.

चिकलठाणा विमानतळ नागरी. तिथे वायुसेना दिसते ती बहुतेक पंतप्रधान-राष्ट्रपतींच्या दौऱ्यात. पुढच्या प्रवासासाठी एमआय-१७ हेलिकॉप्टरं येतात, सहसा तीन आणि सारखीच, म्हणजे साहेब नेमके कुठल्या हेलिकॉप्टरमध्ये बसलेत ते खालून कळत नाही. पाच पात्यांचा तो पंखा डोक्यावरून गेला की छातीत धडधडतं. पण नेमका त्याच दिवशी जालना रोडवर बंदोबस्त. कुंपणाजवळ रेंगाळलात की पोलीस हुसकावणार. अंतर कमी, भरवसा शून्य. नांदेडचंही तेच, आणि लातूरला तर त्याहून कमी.

बिदर मुळातच वायुसेनेचा तळ. लढाऊ विमानांकडे जाणारे तरुण वैमानिक इथे हॉक या प्रशिक्षण विमानावर तयार होतात, म्हणजे उड्डाणं रोजच्या कामाचा भाग. हवाई कसरती करणारं वायुसेनेचं सूर्यकिरण पथकही इथलंच: १९९६ मध्ये किरण विमानांवर सुरू झालं, २०११ मध्ये थांबलं, २०१५ मध्ये हॉकवर परत आलं. ते दौऱ्यावर नसेल आणि नशीब असेल, तर नऊ विमानांचा सराव फुकटात. तळाच्या आत मात्र प्रवेश नाही. उभं विमान हाताच्या अंतरावर बघायचा हट्ट असेल तर बिदर निराश करेल. तिथे बघायचं ते आकाशात.

हॉक म्हणजे सुखोईसारखं लढाऊ विमान नव्हे, हे पोराला आधीच सांगून ठेवा. एकच इंजिन, पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. पण मला विचाराल तर त्याच्यासाठी हेच विमान बघण्याजोगं. सगळं जुळून आलं तर सुखोईच्या आधी तो ह्याच पुढच्या खुर्चीत बसणार आहे. म्हणून माझं मत बिदरला. नुसती हौस असेल आणि घर मुकुंदवाडीत असेल, तर चिकलठाणा पुरे.

लातूर रोड स्टेशनहून उदगीर, भालकीमार्गे रेल्वे थेट बिदरला जाते. रविवार टाळा, पावसाळाही. दुर्बीण घरीच ठेवा आणि तळाच्या दिशेने मोबाइल धरू नका. तिथे फोटोला बंदी आहे आणि चौकशीत दिवस जातो. त्यापेक्षा बहामनींचा किल्ला बघायला जा, तटावर बसून दशम्या सोडा आणि कान आकाशाकडे ठेवा.